बाटली घरात पोहोचते, इशारा वाटेतच राहतो

सदोष औषध किंवा अन्नपदार्थ बाजारातून परत मागविण्याचे नियम आपल्याकडे आहेत. पण किती माल परत आला आणि किती लोकांच्या पोटात गेला, याचा हिशेब जाहीर करण्याची सक्ती कुणावरही नाही. चंदीगड आणि परिसरातील गेल्या काही वर्षांतील घटना नेमक्या याच उणिवेकडे लक्ष वेधतात.

देशातील औषधव्यवस्थेचे बल आणि दुर्बलता एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर चंदीगडसारखे दुसरे शहर नाही. येथून तासाभराच्या अंतरावर हिमाचल प्रदेशातील बद्दी-बरोटीवाला-नालागढ हा औषधनिर्मितीचा मोठा पट्टा आहे. दुसऱ्या बाजूला सिरमौर जिल्ह्यातील काला अंबची औद्योगिक वसाहत आहे. शहरात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित 'पीजीआय', आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मूपर्यंतचे गंभीर रुग्ण अखेरचा उपाय म्हणून तिच्या दारी येतात. केंद्र सरकारची प्रादेशिक औषध चाचणी प्रयोगशाळाही याच शहरात आहे. आणि पंजाब, हरियाणा व खुद्द चंदीगडचा केंद्रशासित प्रदेश अशी तीन स्वतंत्र प्रशासने एकमेकांना खेटून उभी आहेत. कारखाना, रुग्णालय, प्रयोगशाळा आणि नियामक हे सारे इतक्या जवळ असताना सदोष औषधाची बातमी वाऱ्यासारखी पसरायला हवी. प्रत्यक्षात ती फायलींतून, पत्रांतून आणि खात्याखात्यांच्या हद्दींतून रखडत जाते. तोवर औषध मात्र आपल्या ठिकाणी पोहोचलेले असते.

डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० या दोन महिन्यांत जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातील रामनगर भागात लहान मुले एकापाठोपाठ एक आजारी पडू लागली. आजार साधा होता. सर्दी, खोकला, थोडा ताप. औषध घेतल्यावर मात्र मुलांची लघवी बंद होऊ लागली आणि मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील काही मुलांना चंदीगडच्या पीजीआयमध्ये आणण्यात आले. संसर्गाने हे घडत नसावे, यामागे विषबाधा असावी, असा संशय तेथील डॉक्टरांना आला. मुलांना दिलेले 'कोल्डबेस्ट-पीसी' हे खोकल्याचे औषध चंदीगडच्या प्रादेशिक प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन चौतीस टक्क्यांहून अधिक प्रमाणात आढळले. ज्या पदार्थाचे प्रमाण औषधातील घटकांत ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये असा दंडक आहे, तो बाटलीचा एक तृतीयांश भाग व्यापून होता.

हे औषध काला अंबच्या कारखान्यात तयार झाले होते. म्हणजे परवाना हिमाचलचा, विक्री जम्मूत, निदान चंदीगडमध्ये आणि चाचणी केंद्राच्या प्रयोगशाळेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार उत्पादनाचा परवाना राज्य देते आणि विक्रीवर देखरेखही राज्यच ठेवते. त्यामुळे जम्मूच्या अधिकाऱ्याला काला अंबच्या कारखान्याला थेट टाळे ठोकता येत नाही. तो हिमाचलला कळवतो, हिमाचल तपासणी करतो. त्याच बॅचच्या बाटल्या ज्या अन्य राज्यांत गेल्या असतील, तेथील अधिकाऱ्यांना कळविण्याचे काम वेगळेच. या साखळीतील प्रत्येक दुव्याने आपले काम वेळेवर केले असे गृहीत धरले, तरी अखेरचा दुवा उरतोच. रामनगरच्या डोंगराळ वस्तीतील एखाद्या घरात, फळीवर ठेवलेली अर्धी बाटली फेकून द्या, हे त्या घरातील आईला सांगणार कोण?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मृत १२ बालकांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. जम्मू-काश्मीर प्रशासनाने तिला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. विक्री होणाऱ्या औषधांवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य प्रशासनाने पार पाडले नाही, याची दखल या निमित्ताने घेतली गेली, हे चांगलेच झाले. परंतु नुकसानभरपाई घटना घडून गेल्यानंतर मिळते. माल परत मागविण्याची व्यवस्था ही घटना वाढू नये म्हणून असते. पहिल्या मुलाचा मृत्यू कदाचित टाळता आला नसता; पाचव्याचा, दहाव्याचा टाळता आला असता का, हा या प्रकरणातील खरा धोरणात्मक प्रश्न आहे आणि त्यावर पुरेशी चर्चा झालेली नाही.

नव्वद वर्षांपूर्वीचा हिशेब

डायएथिलीन ग्लायकॉलचा इतिहास जुना आहे. ते चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखेच आणि किमतीने स्वस्त. औषधी दर्जाच्या द्रावकाऐवजी औद्योगिक द्रावक वापरला गेला, किंवा पुरवठादाराकडून आलेल्या पिंपाची चाचणीच झाली नाही, की ते औषधात शिरते. शरीरात गेल्यावर त्यापासून बनणारे आम्ल मूत्रपिंडावर घाव घालते. महाराष्ट्राने हे १९८६ मध्ये अनुभवले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार आणि अन्न व औषध प्रशासन यांच्यातील संबंधांची चिरफाड केली, आणि तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. १९९८ मध्ये दिल्लीलगतच्या गुडगावमध्ये याच विषाने ३३ बालकांचा बळी घेतला.

या मालिकेच्या आरंभी अमेरिकेतील १९३७ ची घटना आहे. 'एलिक्झिर सल्फानिलामाइड' नावाच्या द्रव औषधात द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले गेले आणि शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या घटनेने पुढच्याच वर्षी अमेरिकेला नवा औषध कायदा दिला, हे अनेकांना ठाऊक असते. त्यातील दुसरा, अधिक उपयुक्त धडा मात्र फारसा सांगितला जात नाही. कंपनीने प्रथम विक्रेत्यांना तारा पाठविल्या, त्यांत माल परत करा एवढेच म्हटले होते; धोक्याचा उल्लेख नव्हता. औषध जीवघेणे आहे हे स्पष्ट सांगणारी दुसरी तार पाठविण्यास अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला भाग पाडले. मग प्रशासनाचे जवळपास सारे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, एकूण २३९ जण, देशभर पांगले. त्यांनी विक्रीच्या नोंदी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रुग्णांचे पत्ते यांचा माग काढला. डोंगराळ भागात स्थलांतर केलेल्या एका कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलाचा शोध घेण्यासाठी एका डॉक्टरने आपले लग्न पुढे ढकलले. बाजारात गेलेल्या २४० गॅलनांपैकी २३४ गॅलन आणि एक पिंट औषध त्यांनी परत मिळवले. उरलेले लोकांच्या पोटात गेले होते आणि त्यानेच ते मृत्यू ओढवले होते.

येथे महत्त्वाचा आहे तो हिशेब. किती बनले, किती विकले, किती परत आले, किती उरले, ही चार आकड्यांची ताळेबंदी त्या काळी, संगणक नसताना, करता आली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हाच्या कायद्यात असुरक्षित औषध जप्त करण्याची तरतूदच नव्हती. 'एलिक्झिर' म्हणजे अल्कोहोलयुक्त औषध, आणि यात अल्कोहोल नाही, म्हणून नाव फसवे, एवढ्याच आधारावर तो माल जप्त झाला. कायदा तोकडा असूनही यंत्रणेने आपले कर्तव्य शेवटच्या घरापर्यंत नेले. आपल्याकडे नेमके उलट आहे. कायद्याचे पाठबळ त्याहून बरे आहे. घरापर्यंत जाण्याची सवय नाही.

नियम काय सांगतात

औषध नियम, १९४५ मध्ये उत्पादन परवान्याची एक अट अशी आहे, की एखादी बॅच दर्जाहीन असल्याचे परवाना प्राधिकाऱ्याने कळविल्यास उत्पादकाने उरलेला माल विक्रीतून काढावा आणि शक्य असेल तितका विकलेला माल परत मागवावा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०१२ मध्ये माल परत मागविण्याची व तातडीच्या इशाऱ्याची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्यांत दोषांचे तीन वर्ग आहेत. जीवघेण्या दोषाच्या पहिल्या वर्गात २४ तासांत विक्री थांबवावी आणि जास्तीत जास्त ७२ तासांत माल परत घ्यावा, गरज पडल्यास वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी यांद्वारे ग्राहकांपर्यंत जावे, असे ती सांगतात. दुसऱ्या वर्गासाठी १० दिवस आणि तिसऱ्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. २०२३ च्या अखेरीस अधिसूचित झालेल्या सुधारित 'शेड्यूल एम'मध्ये तक्रारींची नोंद आणि माल परत मागविण्याची उत्पादकाची जबाबदारी अधिक तपशीलाने मांडली आहे.

कागदावर हे सारे चांगले आहे. दोष आहेत ते तीन ठिकाणी. मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ नाही. ती मोडल्याबद्दल स्वतंत्र शिक्षा नाही. परवान्याच्या अटीतील 'शक्य असेल तितका' हे शब्द इतके सैल आहेत की चार घाऊक विक्रेत्यांना पत्र पाठवूनही ते पाळल्याचे दाखवता येते. आणि तिसरे, मोहीम कितपत यशस्वी झाली याची सार्वजनिक पडताळणी नाही. केंद्रीय संघटना दर महिन्याला दर्जाहीन ठरलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. त्यात औषधाचे नाव, बॅच, उत्पादक, दोषाचे कारण आणि तपासणारी प्रयोगशाळा असते. चंदीगडच्या प्रयोगशाळेचे नाव त्यात नेहमी दिसते. ही यादी प्रसिद्ध होते, ही पारदर्शकतेची मोठी गोष्ट आहे. पण नमुना घेणे, चाचणी, अहवाल आणि यादी या टप्प्यांत दिवस जातात, यादी इंग्रजीत असते, आणि त्या बॅचचे पुढे काय झाले याची एकही ओळ तिच्यात नसते.

याखेरीज एक अगदी साधी अडचण आहे. आपल्याकडे औषधाची पट्टी कापून विकली जाते. दहा गोळ्यांच्या पट्टीतील चार गोळ्या ग्राहकाला मिळतात आणि बॅच क्रमांक व मुदत छापलेला तुकडा अनेकदा दुकानातच राहतो. बिल मागितले तरच मिळते. गावात औषध देणारा पुष्कळदा डॉक्टर नसतोच. अशा ग्राहकासाठी बॅच क्रमांकाने सुरू होणारा इशारा निरर्थक ठरतो. आपल्या हातातली गोळी त्या बॅचची आहे की नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो योग्य दिशेचा आरंभ आहे. परंतु रामनगरमध्ये विकले गेलेले औषध असल्या मोठ्या नाममुद्रांतले नव्हते. विषबाधेच्या बहुतेक घटना छोट्या उत्पादकांच्या, कमी परिचित औषधांतून घडतात. कोडची सक्ती मात्र वरून सुरू होते.

छिंदवाडा, नागपूर आणि तीच चूक

रामनगरनंतर पाच वर्षांनी, २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तेच चित्र पुन्हा उभे राहिले. सर्दी-खोकला, सिरप, बंद झालेली लघवी, निकामी मूत्रपिंडे. चंदीगडच्या जागी या वेळी नागपूर होते. परासिया परिसरातील अनेक मुले उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. मृत बालकांची संख्या वीसच्या वर गेली. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, तोवर तपासलेल्या नमुन्यांत विषारी रसायन आढळले नसल्याचे सांगितले. त्याच सुमारास तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपुरम जिल्ह्यातील कारखान्यातून घेतलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के असल्याचा अहवाल दिला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ ऑक्टोबरला ही बॅच वापरू नये व आढळल्यास कळवावे, असे आवाहन केले.

दोन्ही घटनांचा क्रम एकच आहे. विषाचा संशय प्रथम मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांना आला; कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रण, राज्याचे नियमित नमुने किंवा विक्रेत्यांची साखळी यांना तो आला नाही. म्हणजे आपली इशारा-यंत्रणा आजारी मुलांच्या शरीरातून काम सुरू करते. तरीही त्यातून एक गोष्ट शिकता येते. तमिळनाडूने विचारणा होताच, सलग सुट्ट्यांच्या काळात, काही दिवसांत नमुने घेऊन अहवाल दिला. इच्छा असली तर यंत्रणा किती वेगाने धावू शकते, याचा तो दाखला आहे. हा वेग अपवादात्मक वाटतो, हीच चिंतेची बाब आहे.

निदानाचे केंद्र रुग्णालयच असेल, तर रुग्णालयांचे जाळे पक्के करायला हवे. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. २०२२ मध्ये पीजीआयमध्येच प्रोपोफॉल या भूल देण्याच्या इंजेक्शनाच्या वापरानंतर पाच रुग्ण दगावल्याचे प्रकरण समोर आले, तेव्हा रुग्णालयाने वापर थांबवून केंद्रीय यंत्रणेकडे तक्रार नेली. पीजीआयसारख्या संस्थेकडे हे करण्याची क्षमता आहे. जिल्हा रुग्णालयात ती नाही. तेथे मूत्रपिंड निकामी झालेली दोन मुले एका आठवड्यात आली, तर त्यांना कोणते औषध दिले होते हे विचारण्याची आणि त्याच दिवशी वर कळविण्याची पद्धत रुजली पाहिजे.

गांबियाचे प्रकरणही चंदीगडशी जोडलेले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातील सोनीपतच्या एका उत्पादकाच्या चार सिरपबाबत जगाला सावध केले. ६६ बालकांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. भारतात त्याच उत्पादनांचे राखीव नमुने चंदीगडच्या प्रयोगशाळेत तपासले गेले आणि ते प्रमाणित असल्याचे सरकारने कळवले. जागतिक आरोग्य संघटना आपल्या निष्कर्षांवर ठाम राहिली. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे इतकेच, की गांबियात रेडक्रॉसचे स्वयंसेवक संशयित बाटल्या गोळा करण्यासाठी घरोघर फिरले. साधनांनी आपल्याहून कितीतरी गरीब असलेला देश, पण शेवटचे दार ठोठावण्याची गरज त्याला पटली. जून २०२३ पासून भारताने निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपची सरकारी प्रयोगशाळेत पूर्वतपासणी सक्तीची केली. निर्यातीच्या बाटलीला मिळालेले हे संरक्षण देशातल्या मुलाच्या बाटलीला त्याच वेळी का मिळाले नाही, हा प्रश्न छिंदवाड्यानंतर विचारावाच लागतो.

अन्नाच्या बाबतीत

अन्नपदार्थांच्या बाबतीत कायदा तुलनेने अधिक स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २८ नुसार असुरक्षित माल परत मागविणे ही अन्न व्यावसायिकाची जबाबदारी आहे आणि २०१७ पासून त्यासाठी स्वतंत्र विनियम आहेत. या तरतुदीचा वापर मात्र क्वचित दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशावरून एका मोठ्या स्वदेशी कंपनीने कीटकनाशकाच्या अंशामुळे चार टन लाल तिखट परत मागवले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. एखाद्या बॅचचे तिखट परत घेणे ही बातमी व्हावी, यातच सारे आले. २०२४ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगने भारतीय मसाल्यांच्या काही मिश्रणांवर एथिलीन ऑक्साइडच्या कारणाने कारवाई केली, तेव्हा ती आपल्याला परक्या नियामकांकडून कळली.

मोहिमा कमी निघतात यामागे उद्योगांची एक रास्त भीतीही आहे. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, हजारो टन माल नष्ट झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा कायद्याने आवश्यक त्या मान्यतेच्या नव्हत्या, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. फेरतपासणीसाठी निवडलेल्या तीन प्रयोगशाळांपैकी एक चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतील होती. तेथील आणि अन्य दोन प्रयोगशाळांतील नमुने निर्दोष ठरले. चुकीचा इशारा उद्योगाला महागात पडतो हे खरे. पण त्यावरचा उपाय इशारे कमी देणे हा नव्हे. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त, नमुना घेण्याची पद्धत निर्विवाद आणि निर्णय कारणांसह असला, तर इशारा न्यायालयातही टिकतो. आणि देशभर सरसकट बंदी घालण्याऐवजी नेमकी बॅच परत मागविण्याची सवय लागली, तर प्रामाणिक उत्पादकाचे नुकसानही मर्यादित राहते. परत मागविणे ही नामुष्की समजली जाते तोवर कंपन्या लपवतील आणि अधिकारी कचरतील. ती नित्याची, नियमबद्ध प्रक्रिया झाली पाहिजे.

करायचे काय?

पहिली गरज कायद्याची. जीवघेण्या दोषासाठीची ७२ तासांची मुदत मार्गदर्शक तत्त्वांतून उचलून कायद्यात आणावी आणि ती मोडल्यास दंडाची स्वतंत्र तरतूद करावी. दुसरी गरज अधिकाराची. एकाहून अधिक राज्यांत गेलेल्या बॅचबाबत आदेश देण्याचा अधिकार एकाच केंद्रीय अधिकाऱ्याकडे असावा; राज्यांनी एकमेकांना पत्रे लिहिण्यात पहिले २४ तास जाऊ नयेत. तिसरी गरज हिशेबाची. प्रत्येक मोहिमेनंतर किती बनले, किती वितरित झाले, किती परत आले आणि कितीचा शोध लागला नाही, हे चार आकडे जाहीर करणे बंधनकारक असावे. हा एक नियम केला, तरी उत्पादक, घाऊक विक्रेता आणि औषध निरीक्षक या तिघांनाही आपल्या नोंदी नीट ठेवाव्या लागतील.

चौथी गरज संवादाची आहे. औषध व अन्न या दोहोंसाठी एकच राष्ट्रीय फलक हवा, तो मराठी, पंजाबी, डोगरीसह प्रादेशिक भाषांत हवा, आणि त्यात बॅच क्रमांकाबरोबर वेष्टनाचे छायाचित्र हवे. कारण पुष्कळ ग्राहक अंक वाचण्याआधी रंग ओळखतात. औषध दुकानांतील बिलिंगच्या संगणकप्रणालीत निषिद्ध बॅच आपोआप अडविण्याची सोय करणे कठीण नाही. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका पोलिओच्या थेंबांसाठी घरोघर जातात. पहिल्या वर्गाच्या इशाऱ्याच्या वेळी त्याच वाटेने, त्यांच्या कामाचा योग्य मोबदला देऊन, संदेश पोहोचवता येईल. आपल्याकडे शेवटच्या घरापर्यंत जाणारी माणसे आहेत. इशारा त्यांच्या हाती देण्याचा निर्णय तेवढा झालेला नाही.

व्यवस्था सुधारेपर्यंत नागरिकांनाही काही करता येते. औषधाचे बिल घ्यावे आणि त्यावर बॅच क्रमांक आहे का ते पाहावे. पट्टी कापून देताना क्रमांक व मुदत असलेला तुकडा आपल्याला मिळावा, असा आग्रह धरावा. मूल बरे होईपर्यंत बाटली आणि खोके टाकू नये. गरज पडली तर डॉक्टरांना तोच सर्वांत मोठा पुरावा असतो. चार वर्षांखालील मुलांना क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण देऊ नये, असा आदेश औषध महानियंत्रकांनी २०२३ च्या अखेरीस दिला आहे, हे ध्यानात ठेवावे. सिरप दिल्यावर मुलाची लघवी कमी झाली, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा गुंगी आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. दुष्परिणाम कळविण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा औषधदक्षता कार्यक्रमाचा, तर अन्नाच्या तक्रारीसाठी १८००-११२-१०० हा प्राधिकरणाचा निःशुल्क क्रमांक आहे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक आहे. फारच थोड्यांना ठाऊक असलेला आणखी एक हक्क म्हणजे, १९४० च्या कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, ठरलेले शुल्क भरून, विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. ग्राहक पंचायतींनी हा हक्क संघटितपणे वापरला, तर सरकारी नमुन्यांना एक स्वतंत्र जोड मिळेल.

तथापि नागरिकाच्या दक्षतेला मर्यादा आहेत, हे विसरता कामा नये. बाटलीतील गोडसर द्रव ग्लिसरीन आहे की विष, हे कोणत्याही आईला चाखून, हुंगून किंवा लेबल वाचून कळणार नाही. म्हणूनच दक्षतेचे ओझे तिच्यावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. देश जगाला औषधे पुरवतो, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सार्थही आहे. ज्या व्यवस्थेला एक बाटली काला अंबहून रामनगरपर्यंत आणि कांचीपुरमहून परासियापर्यंत पोहोचवता येते, तिला त्याच बाटलीचा माग काढत परत जाता आले पाहिजे. १९३७ मध्ये ते २३९ माणसांनी केले होते. पुढच्या वेळी एखादी बॅच विषारी ठरेल, तेव्हा किती बाटल्या परत आल्या, हा आकडा संसदेत आणि विधानसभांत विचारला गेला, तरी सुधारणेला सुरुवात झाली असे म्हणता येईल.